ओढा कुणाच्या वाट्याला?

अडीच एकरांचा प्लॉट. म्हणजे एक हेक्टर: शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. मागच्या हद्दीवरून बारमाही ओढा वाहतो, काठावर झाडी आहे, जाहिरातीत फोटोही तिचाच आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ग्रामीण भागात अशा जागेवर घर बांधायला निघालात, तर पहिला प्रश्न येतो तो संडासाचं पाणी सोडायचं कुठे, हा. गटाराची लाइन गावाबाहेर नसते, म्हणून ते पाणी स्वतःच्याच जमिनीत मुरवायचं. आणि न्यू साउथ वेल्स राज्याच्या 1998च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवून दिलं, की ही मुरवण्याची जागा बारमाही प्रवाहापासून 100 मीटर लांब हवी. प्लॉटच शंभर मीटरचा. ओढ्यापासून मागे सरकत सरकत तुम्ही थेट पुढच्या रस्त्यावर येऊन उभे राहता.

शेततळ्यापासूनचं अंतर 40 मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तळ्याभोवती 40 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं की अर्धा हेक्टर बाद होतो. पिण्याच्या विहिरीपासून 250 मीटर, आणि त्या वर्तुळात मावतात जवळपास 48 एकर! एका विहिरीपायी शेजाऱ्यांचेही प्लॉट अडतात. घर कसं बांधायचं हा प्रश्न फार पुढचा. जमिनीचे तुकडे पाडताना मोजणीदाराने रेघ कुठून ओढली, तिथेच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

सिडनीला याची एवढी काळजी का, ते नकाशा पाहिल्यावर कळतं. शहराचं बहुतेक पाणी येतं वॉरागांबा धरणातून. 1960 साली पुरं झालेल्या या धरणात सुमारे 71 टीएमसी पाणी मावतं. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या जवळपास अडीच पट. सिडनीला पाणी देणाऱ्या सगळ्या धरणांचं पाणलोट क्षेत्र मिळून अंदाजे 16 हजार चौरस किलोमीटर होतं, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून किंचित मोठं. धरणाच्या लगतचा भाग जंगल आहे आणि तिथे जायला बंदी आहे. पण वरच्या अंगाला गोलबर्न, बाउरल, लिथगोसारखी गावं आहेत, मेंढ्या-गुरांची कुरणं आहेत, आणि शहराला कंटाळून दोन-चार एकरांत घर बांधणारे हौशी लोकही आहेत. सिडनीत पॅरामॅटाकडे राहणाऱ्या मराठी घरात चहाला ठेवलेलं पाणी यांच्या अंगणातून आलेलं असतं.

1998च्या जुलै ते सप्टेंबर या काळात सिडनीच्या सुमारे तीस लाख लोकांना पाणी उकळून प्या, असं सांगावं लागलं. पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया हे परजीवी सापडले होते. साथ काही आली नाही, आणि तपासणीच्या आकड्यांवरून नंतर बराच वादही झाला. पण गाळणीचा भलामोठा प्रकल्प 1996 मध्येच सुरू झालेला असताना हे घडलं, ही गोष्ट लोकांच्या मनात राहिली. पुढच्याच वर्षी पाणलोटाकडे लक्ष देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली.

क्रिप्टोस्पोरिडियम हा प्राणी मोठा चिवट. त्याची अंडीवजा पुटी जेमतेम पाच मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. कवच इतकं टणक की पिण्याच्या पाण्यात घालतो तेवढ्या क्लोरीनला ती दाद देत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात याच परजीवीने सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडलं. तो येतो वासरांच्या शेणातून आणि माणसांच्या मैल्यातून. त्याला मारतं ते ऊन, कोरडेपणा आणि वेळ. शंभर मीटरचं अंतर म्हणजे खरं तर विकत घेतलेला वेळ.

सेप्टिक टँकमध्ये पाणी शुद्ध होतं, असा अनेकांचा समज आहे. होत नाही. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर राहते, आणि मधलं पाणी जंतूंसकट बाहेर पडतं. खरी चाळणी म्हणजे माती. वरच्या हात-दीड हात थरात हवा असते, मुळं असतात, मातीतले जिवाणू असतात. तिथे रोगजंतू चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात आणि हळूहळू मरतात. मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फरसला धरून ठेवतं, पण त्यालाही मर्यादा आहे. ती भरली की फॉस्फरस पुढे सरकतो. नायट्रेटला तर माती जवळजवळ अडवतच नाही. हे दोन्ही धरणात पोचले की शेवाळाला खुराक मिळतो. 2007 मध्ये लांबलेल्या दुष्काळानंतर जोरदार पाऊस झाला, आणि काही आठवड्यांनी वॉरागांबाच्या जलाशयावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग पसरला.

आता साधा हिशोब. पाच माणसांचं घर, माणशी 150 लिटर, म्हणजे रोजचं 750 लिटर सांडपाणी. चिकण जमिनीत दिवसाला तीन मिलीमीटर मुरेल असं धरलं, तर 250 चौरस मीटर जागा लागते. अडीच गुंठे! तीही सपाटशी, खडक वर न आलेली, पावसाळ्यात दलदल न होणारी. उतार जास्त असेल किंवा मातीचा थर पातळ असेल, तर मुरलेलं पाणी खडकावरून घसरून खाली पुन्हा वर येतं. म्हणून तिकडे क्रम उलटा लावतात. आधी माती तपासायची, ओढे, तळी, विहिरी यांभोवतीचे पट्टे रंगवून टाकायचे, नकाशावर जे पांढरं उरेल तिथे घराची आणि मुरवणीची जागा ठरवायची, आणि मगच हद्दीच्या रेषा. चौकोन आखून मोकळं होणं सोपं असतं, पण पाणी काटकोनात वाहत नाही.

रस्त्याचं गणितही असंच. मातीचा रस्ता उतारावर सरळ खाली उतरवला की दोन पावसाळ्यांत त्याचा ओहळ होतो आणि सगळा गाळ ओढ्यात जातो. गाळाच्या कणांना चिकटून फॉस्फरस आणि जंतूही जातात. तोच रस्ता टेकडीच्या माथ्यावरून नेला तर पाणी दोन्ही अंगांना थोडं थोडं विखुरतं, गवतात जिरतं, आणि ओढा ओलांडावाच लागत नाही.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र ओढ्याच्या मालकीची. ओढा दहा प्लॉटांची मागची हद्द झाला की त्याचे दहा मालक होतात. एक गुरं पाण्यात सोडतो, दुसरा ‘झुडपं साफ’ करतो, तिसरा बांध घालतो. काठाला कुंपण आणि झाडी हे काम तुकड्यातुकड्याने होत नाही. म्हणून ओढा सबंधच्या सबंध एका मोठ्या प्लॉटमध्ये ठेवावा, नाहीतर सामाईक जमिनीत काढावा. अशा सामाईक मालकीची सोय त्या राज्याच्या कायद्यात 1989 पासून आहे.

2011च्या धोरणाने सिडनीच्या पाणलोटात कसोटी एकच ठेवली: बांधकामानंतर जमिनीवरून जाणारं पाणी पूर्वीइतकं तरी चांगलं हवं, किंवा त्याहून चांगलं. तुलना आजच्या स्थितीशी. गुरांनी तुडवलेल्या कुरणात नीट आखलेली दहा घरं आली, ओढ्याला कुंपण पडलं, तर पाणी सुधारूही शकतं. हे पटतं. पण यातच एक पळवाटही आहे, कारण जमीन आधीच बिघडलेली असेल तर तितकाच बिघाड पुढेही चालून जातो. शिवाय हिशोब संगणकावर होतो, आणि पाच वर्षांत एकदाही न उपसलेली टाकी संगणकाला दिसत नाही.

आपल्याकडे पानशेत रस्त्याने जाताना ‘वॉटर टच प्लॉट’ असे फलक दिसतात. तिथली माती तर बऱ्याच ठिकाणी वीतभर, खाली मुरूम आणि भेगाळलेला बेसॉल्ट. शोषखड्डा मुरमात खोदला की वरची चाळणी सुटते, आणि भेगेत शिरलेलं पाणी फारसं न गाळता शेजारच्या विहिरीत नाहीतर धरणात उतरतं. खाली खडकवासल्यातून ते पर्वतीच्या जलकेंद्रात येतं, आणि तिथून पुण्याच्या नळांना.