ओबुखोव्हची बारा इंची : जहाजांसाठी घडलेली, जमिनीवर जगलेली तोफ

इंग्लिश खाडीतल्या ग्वेर्नसी बेटावर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी चार प्रचंड तोफा बसवल्या. त्यांच्या तटबंद्यांवर खिडक्या-दारं रंगवून त्या वरून साध्या घरांसारख्या दिसतील अशी सोय केली. तोफांवर जर्मन सैनिक, बेट ब्रिटिश राजघराण्याच्या अखत्यारीतलं, आणि नळ्या मात्र सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह कारखान्यात झारच्या आरमारासाठी ओतलेल्या. त्या तिथवर कशा पोहोचल्या, हे समजून घ्यायला १९०५ पर्यंत मागं जावं लागतं.

मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचा बाल्टिक ताफा बुडवला. या पराभवाची कारणं अनेक होती, पण तोफखान्याच्या जाणकारांना त्यातलं एक फार बोचलं. रशियन आरमाराने गोळा हलका आणि वेगवान ठेवण्याचं धोरण धरलं होतं. बारा इंची तोफेचा रशियन गोळा ३३१.७ किलोंचा होता. जवळच्या पल्ल्यावर असा गोळा सपाट मार्गाने जाऊन चिलखत फोडतो. पण लढाया आता लांबून होऊ लागल्या होत्या आणि लांबवर हलक्या गोळ्याचा जोर ओसरतो.

याच वातावरणात ३०५ मिलिमीटर, म्हणजे बारा इंची, ५२ कॅलिबर लांबीची, म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या ५२ पट लांब नळीची, नवी तोफ आखली गेली. रशियन नोंदींत तिला '१९०७ चा नमुना' म्हणतात. लांबी सुमारे १६ मीटर, एका नळीचं वजन ५० टनांच्या आसपास. कारखान्याचा वारसाही तगडा होता. पावेल ओबुखोव्ह यांच्या पोलादी तोफेने १८६२ च्या लंडन प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं होतं, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा हा कारखाना उभा राहिला. मौज अशी, की त्सुशिमाचा धडा ताजा असूनही या तोफेची आखणी आधी हलक्या गोळ्याच्याच हिशेबाने झाली होती. काम पुढे सरकल्यावर आरमाराने विचार बदलला आणि १९११ च्या नमुन्याचा ४७०.९ किलोंचा गोळा स्वीकारला. त्या काळच्या बारा इंची गोळ्यांत हा सर्वांत जड गोळ्यांपैकी एक होता. त्यापायी नळीतून सुटतानाचा वेग उतरून सेकंदाला ७६२ मीटरवर आला. तोफ आखली एका गोळ्यासाठी आणि चालवली दुसऱ्या गोळ्यासाठी. अशा तडजोडी बहुतेक वेळा फसतात. इथे ती जमून गेली, कारण नळी दणकट होती आणि कमी वेगामुळे तिची झीजही आटोक्यात राहिली. माझ्या मते या तोफेच्या दीर्घायुष्याची सुरुवात याच योगायोगात आहे.

१९०९ मध्ये बाल्टिकसाठी गांगुट, सेवास्तोपोल, पेत्रोपाव्लोव्स्क आणि पोल्तावा या चार ड्रेडनॉट युद्धनौकांची पायाभरणी झाली. प्रत्येक जहाजावर तीन-तीन नळ्यांचे चार टरेट, म्हणजे चिलखती फिरते बुरूज, एकाच पातळीवर ओळीने बसवले होते. काळ्या समुद्रासाठी इम्पेरात्रित्सा मारिया, येकातेरिना आणि इम्पेरातोर अलेक्सांद्र तिसरा अशी आणखी तीन जहाजं आली. सात जहाजं, प्रत्येकावर बारा नळ्या, म्हणजे एकूण ८४. शिवाय फिनलंडच्या आखाताच्या दोन्ही काठांवर आणि सेवास्तोपोल शहराच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या किल्ल्यांसाठीही हीच तोफ ठरली. जहाज आणि किनारा दोन्हींकडे एकच नळी, एकच गोळा, एकच सुटे भाग. नंतर सारं विस्कटल्यावर हा एक निर्णय रशियाला फार उपयोगी पडला.

आरमारी तोफ म्हणून मात्र तिची कामगिरी तुटपुंजीच आहे. बाल्टिकमधली चारही जहाजं पहिल्या महायुद्धात सुरुंगांच्या पट्ट्यामागे बंदरात थांबून राहिली. ती इतकी मोलाची मानली जात, की वरून परवानगी आल्याशिवाय त्यांना समुद्रात धोका पत्करता येत नसे. काळ्या समुद्रात जानेवारी १९१६ मध्ये येकातेरिनाने जर्मन बनावटीच्या गोएबेन या युद्धनौकेवर लांबून गोळे टाकले, पण वेगाच्या बळावर गोएबेन निसटली. तुल्यबळ शत्रूच्या ड्रेडनॉटशी आमनेसामने मोठी लढाई या तोफेच्या वाट्याला कधी आली नाही.

जहाजं मात्र एकामागून एक गेली. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सेवास्तोपोलच्या बंदरात मारियाच्या दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला. दोनशेहून अधिक खलाशी मेले, जहाज उलटून बुडालं आणि टरेट निखळून तळाशी गेले. येकातेरिनाचं नाव क्रांतीनंतर 'मुक्त रशिया' झालं, पण ती जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून जून १९१८ मध्ये नोव्होरोस्सिस्कपाशी आपल्याच विनाशिकेने टॉर्पेडो मारून तिला बुडवलं. पोल्तावाला १९१९ मध्ये आग लागली आणि ती पुन्हा युद्धनौका म्हणून उभी राहिलीच नाही.

यादवी युद्धात या तोफा एकमेकींवर चालल्या. जून १९१९ मध्ये क्रास्नाया गोर्का किल्ल्याच्या शिबंदीने बोल्शेविकांविरुद्ध बंड केलं, तेव्हा पेत्रोपाव्लोव्स्कने त्या किल्ल्यावर गोळे टाकले. मार्च १९२१ मध्ये पारडं फिरलं. क्रोनश्टाट या नाविक तळावरच्या उठावात पेत्रोपाव्लोव्स्क आणि सेवास्तोपोल यांचे खलाशी बंडखोर होते आणि त्याच क्रास्नाया गोर्काच्या तोफा सरकारच्या बाजूने त्यांच्यावर डागल्या जात होत्या.

वाडा पाडला तरी त्याचं सागवान कुणी फेकून देत नाही, दुसऱ्या घराच्या तुळईला लावतात. सोव्हिएत सरकारने या नळ्यांचं तेच केलं. नव्या अवजड आरमारी तोफा ओतण्याची ऐपत १९२० च्या दशकात नव्हती, आणि जुन्या नळ्या तर पडून होत्या. पोल्तावाचे दोन टरेट थेट व्लादिवोस्तोकजवळच्या रूस्की बेटावर गेले. तिथली व्होरोशिलोव्ह बॅटरी, म्हणजे तोफांचं ठाणं, १९३४ मध्ये तयार झाली. समुद्राच्या तळातून वर काढलेल्या मारियाच्या नळ्या निकोलायेव्हच्या कारखान्यात रेल्वेगाड्यांवर चढवल्या आणि १९३८ मध्ये टीएम-३-१२ नावाच्या तीन रेल्वेतोफा तयार झाल्या.

आता ग्वेर्नसीकडे जाणारी वाट. ती अलेक्सांद्र तिसरा या जहाजावरून सुरू होते आणि सगळ्या कहाणीत हीच शाखा सर्वांत विचित्र आहे. या जहाजाचं नाव आधी 'व्होल्या' झालं, मग काही काळ ते जर्मनांच्या आणि युद्धबंदीनंतर ब्रिटिशांच्या हाती गेलं, पुढे श्वेत सेनेला, म्हणजे बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या फौजेला, मिळालं आणि 'जनरल अलेक्सेयेव्ह' म्हणवलं जाऊ लागलं. नोव्हेंबर १९२० मध्ये जनरल व्रांगेलची हरलेली श्वेत फौज क्राइमिया सोडून निघाली. ताफ्याने ट्युनिशियातलं बिझर्त बंदर गाठलं, तेव्हा हेही जहाज सोबत होतं. बिझर्त फ्रेंचांच्या ताब्यात होतं. जहाज तिथेच गंजत पडलं आणि १९३० च्या दशकात भंगारात गेलं. बारा तोफा मात्र फ्रेंचांनी काढून शस्त्रागारात ठेवल्या.

नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. फिनलंडकडे रशियन काळापासून याच नमुन्याच्या किनारी तोफा होत्या, त्यामुळे बिझर्तच्या नळ्या त्यांना चपखल बसणार होत्या. फ्रान्सने १९४० च्या सुरुवातीला सगळ्या बारा तोफा देऊ केल्या आणि त्या तीन मालवाहू जहाजांतून निघाल्या. दोन जहाजं पोहोचली. तिसरं, 'निना' नावाचं, चार तोफा घेऊन नॉर्वेच्या बर्गेन बंदरात असताना एप्रिल १९४० मध्ये जर्मनांनी नॉर्वेवर चाल केली. तोफा आयत्याच त्यांच्या हाती पडल्या. क्रुप या जर्मन शस्त्रकंपनीने त्यांची डागडुजी केली, त्यांना नवी तोफगाडी दिली, आणि त्या ग्वेर्नसीला पोहोचल्या. १९४२ मध्ये तिथे सराव सुरू झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये या बेटांजवळ विमानहल्ल्यात मारल्या गेलेल्या जर्मन नौदल अधिकारी रोल्फ मीरूस यांचं नाव बॅटरीला दिलं. युद्धानंतर तोफा वितळवल्या गेल्या, काँक्रीट तेवढं उरलं.

फिनलंडला पोहोचलेल्या आठ नळ्यांच्या नशिबात आणखी एक वळण होतं. १९४१ अखेर सोव्हिएत फौजा फिनलंडच्या हांको द्वीपकल्पातून माघारी गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी तिथल्या टीएम-३-१२ रेल्वेतोफा निकामी केल्या. या त्याच मारियाच्या नळ्या. फिनिश कारागिरांनी बिझर्तहून आलेल्या नळ्या वापरून त्या पुन्हा उभ्या केल्या. १९४४ च्या युद्धबंदीनंतर या तोफा सोव्हिएत संघाला परत द्याव्या लागल्या. श्वेत सेनेने आफ्रिकेला नेलेल्या नळ्या अशा पंचवीसेक वर्षांनी लाल सैन्याच्या हाती, रेल्वेने, घरी आल्या. सोव्हिएत संघाने त्या १९९१ पर्यंत वापरण्याजोग्या ठेवल्या होत्या.

या तोफेचं सर्वांत मोठं काम मात्र सेवास्तोपोलला झालं. शहराच्या उत्तरेला ३० क्रमांकाची बॅटरी आणि दक्षिणेला ३५ क्रमांकाची, दोन्हींवर जोड-नळ्यांचे प्रत्येकी दोन टरेट. पाया झारच्या काळात घातला होता, काम सोव्हिएत काळात पुरं झालं. जर्मनांनी त्यांना 'माक्सिम गॉर्की' एक आणि दोन अशी नावं दिली होती. तिसाव्या बॅटरीचा प्रमुख गिओर्गी अलेक्सांदर हा जर्मन वंशाचा रशियन अधिकारी होता. सततच्या माऱ्याने १९४२ च्या सुरुवातीला नळ्या पार झिजल्या. पन्नास टनांची नळी बदलायला खास क्रेन लागते आणि आघाडी तर डोळ्यांसमोर. तरीही बॅटरीच्या माणसांनी जॅक आणि हाताने चालणाऱ्या साधनांवर, मुख्यतः रात्रीच्या अंधारात, चारही नळ्या बदलल्या. मला विचाराल तर या तोफेच्या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत थक्क करणारा प्रसंग.

जून १९४२ मध्ये जर्मनांनी ६० सेंटिमीटरच्या कार्ल मॉर्टर आणि ८० सेंटिमीटरची डोरा ही रेल्वेतोफ आणली. १७ जूनला त्यांच्या पायदळाने तिसाव्या बॅटरीला वेढा घातला. जमिनीखालच्या बोगद्यांतली झुंज आणखी आठवडाभर चालली. अलेक्सांदर पकडला गेला आणि जर्मनांनी त्याला गोळी घातली. पस्तिसावी बॅटरी जुलैच्या पहिल्या रात्रींत तिच्याच माणसांनी उडवली.

उत्तरेला क्रोनश्टाटमध्ये पेत्रोपाव्लोव्स्क, आता 'मरात' नावाने, २३ सप्टेंबर १९४१ ला जर्मन वैमानिक हान्स-उलरिश रूडेलच्या बॉम्बने फुटली. पुढचा भाग उडाला, जहाज उथळ पाण्यात तळाला टेकलं आणि ३०० हून अधिक माणसं गेली. पण मागचे टरेट शाबूत होते, आणि लेनिनग्राडच्या वेढ्यात बुडालेल्या जहाजावरून त्या तोफा जर्मन फळ्यांवर डागल्या जात राहिल्या.

युद्धानंतर तिसाव्या बॅटरीसाठी नव्या तोफांची गरज पडली, तेव्हा पोल्तावाचे उरलेले दोन टरेट तिथे आणले. १९५४ मध्ये बॅटरी पुन्हा उभी राहिली, या वेळी तीन-तीन नळ्यांसह. व्लादिवोस्तोकची व्होरोशिलोव्ह बॅटरी १९९० च्या दशकात निवृत्त होऊन संग्रहालय झाली. फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळच्या कुइवासारी बेटावर या नमुन्याच्या जोडतोफेचा टरेट दुरुस्त करून जतन केला आहे.