डोके कुठे, शेपूट कुठे: भ्रूणाच्या आराखड्याचा शोध

केळी दोन दिवस जास्त राहिली की त्यांच्यावर चिलटे घोंगावू लागतात. त्या फळमाशीचे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. सुमारे एका दिवसात त्यातून अळी बाहेर येते. तिला पुढे डोके असते, त्यामागे छातीचे तीन खंड, मग पोटाचे आठ. कोणता भाग कुठे घडवायचा हे अंड्याला कसे कळते, हा प्रश्न शंभर वर्षे शास्त्रज्ञांना छळत होता.

1891 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या दोन पेशींच्या भ्रूणाला हलवून त्या पेशी वेगळ्या केल्या. अर्धी-अर्धी अळी तयार होईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही पेशींमधून आकाराने लहान, पण पूर्ण अळ्या घडल्या. म्हणजे पेशीचे भवितव्य आधीच ठरलेले नसते, शेजारी कोण आहे यावरही ते अवलंबून असते. पुढे 1924 मध्ये हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या उभयचराच्या भ्रूणातला एक छोटा तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. तिथे चेतारज्जूसकट दुसरे शरीर उभे राहिले, आणि त्यात यजमान भ्रूणाच्या स्वतःच्या पेशीही सामील झालेल्या होत्या. श्पेमान यांना 1935 चे नोबेल मिळाले. हिल्डे मात्र 1924 मध्येच, घरातल्या आगीच्या अपघातात, पंचविसाव्या वर्षी गेल्या. ज्यांचे हात त्या प्रयोगात होते त्यांना त्याचे मोल कधी कळलेच नाही, याची हळहळ आजही वाटते.

त्या तुकड्यातून नेमका कोणता निरोप जातो, हे मात्र कळेना. माझ्या मते अडचण प्राण्यांच्या निवडीतच होती. न्यूटच्या भ्रूणाची कापाकापी करता येते, पण त्याच्या पिढ्या फार सावकाश वाढतात, त्यामुळे जनुकांचा अभ्यास अवघड. फळमाशीची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, पण तिचे भ्रूण इतके बारीक की कात्री चालवायची कुठे? मग भ्रूणवाले एकीकडे राहिले, जनुकवाले दुसरीकडे.

ही दरी सांधायला सुरुवात केली ती विचित्र माश्यांनी. फळमाशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी उडताना तोल सांभाळणारे दोन छोटे गोळे असतात, त्यांना तोलक म्हणू. 1915 मध्ये कॅल्विन ब्रिजेस यांना अशी माशी सापडली की जिच्या तोलकांचा काही भाग पंखासारखा झाला होता. कॅलिफोर्नियात एडवर्ड लुईस यांनी, ज्यातल्या बिघाडाने हे घडले होते, त्याच जनुकसमूहावर दशकानुदशके काम केले. उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतले बदल, एकत्र आणून त्यांनी चक्क चार पंखांची माशी घडवली. 1978 मध्ये त्यांनी मांडले की ही जनुके गुणसूत्रावर ज्या क्रमाने बसलेली आहेत, त्याच क्रमाने शरीराचे भाग ठरवतात. पंखाचा तोलक कसा होतो, यावर पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत एल. एस. शशिधरा यांच्या गटानेही दीर्घकाळ काम केले.

पण खंडाला ओळख देण्याआधी मुळात खंड पडायला हवेत. 1978 मध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोन तरुण शास्त्रज्ञ जर्मनीतल्या हायडेलबर्गला आले. रसायन देऊन नरांमध्ये उत्परिवर्तने घडवायची, हजारो वंशावळी वाढवायच्या, अंड्यातच मेलेल्या अळ्यांची त्वचा पारदर्शक करायची आणि दोघांनी एकाच सूक्ष्मदर्शकातून समोरासमोर बसून पाहायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. अळीच्या पोटावर बारीक काट्यांचे पट्टे असतात. कुठला पट्टा गायब आहे, एवढाच शोध. प्रयोगशाळा सहसा जगणारे प्राणी सांभाळतात. इथे मेलेल्या अळ्याच सगळे सांगत होत्या.

1980 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी 15 जनुके जाहीर केली. काहींच्या बिघाडाने सलग बरेच खंड नाहीसे होत, काहींच्या बिघाडाने एक सोडून एक खंड, तर काहींमुळे प्रत्येक खंडाचा ठरावीक भागच बिघडत होता. म्हणजे शरीराची विभागणी पायरीपायरीने होते: आधी मोठे पट्टे, मग जोडीजोडीचे, मग प्रत्येक खंडाची आतली रचना. एका बिघाडात अळी सगळीकडे काट्यांनी भरलेली दिसे. त्या जनुकाचे नाव ठेवले हेजहॉग, काटेरी प्राण्यावरून.

मग पहिली पायरी कोण घालते? आई. क्लाउस झांडर यांनी 1960 च्या सुमारास तुडतुड्यांच्या अंड्यांवर काम करून म्हटले होते की अंड्याच्या टोकांकडून काहीतरी पसरत असावे. 1988 मध्ये ट्यूबिंगेनमध्ये वोल्फगांग ड्रीफर आणि न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी ते दाखवून दिले. आई अंड्याच्या पुढच्या टोकाला बायकॉइड या जनुकाचा निरोप ठेवते. त्यापासून बनलेले प्रथिन, उदबत्तीचा वास जसा जवळ दाट आणि दूर विरळ, तसे पसरते. भ्रूणात सुरुवातीच्या तेरा विभाजनांत केंद्रके वाढतात पण त्यांच्यामध्ये भिंती नसतात, म्हणून ते पसरणे शक्य होते. आईकडे जनुकाच्या जादा प्रती असल्या तर डोक्याची सीमा मागे सरकते. जनुक बिघडलेले असले तर पिल्लाला डोके आणि छाती येतच नाहीत.

यात मला सर्वात नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. बायकॉइड फक्त माश्यांच्या काही कुळांत सापडते. म्हणजे पहिली पायरीच सर्वात नवी! लुईसची जनुके मात्र अतिप्राचीन निघाली. 1983-84 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या वॉल्टर गेरिंग यांच्या गटाला आणि अमेरिकेत मॅथ्यू स्कॉट यांना त्या जनुकांमध्ये डीएनएच्या सुमारे 180 अक्षरांचा एकसारखा तुकडा आढळला. लवकरच तो बेडकात, उंदरात, माणसातही मिळाला. माणसात अशी 39 जनुके चार समूहांत आहेत, आणि त्यांचा क्रमही डोक्याकडून शेपटीकडेच. 1995 चे नोबेल लुईस, न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना मिळाले.

हेजहॉगची भावंडे, म्हणजे त्याच्यासारखी जनुके, हीही 1993 मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांत सापडली. त्याआधी 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये मेंढ्यांना एकडोळी कोकरे होत होती. माद्या गाभण असताना, साधारण चौदाव्या दिवशी, एक रानटी वनस्पती खातात म्हणून हे होते, असे निष्पन्न झाले. तिच्यातले द्रव्य हेजहॉगचा निरोप अडवते, हे 1990 च्या दशकाच्या अखेरीस कळले. तोच निरोप रोखणारे औषध 2012 मध्ये त्वचेच्या एका कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले.