पाय म्हणजे २२/७ नव्हे

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागलं की येतो तो पाय (π). ‘पायची किंमत २२/७’ हे शाळेत इतकं घोटलं जातं की पुष्कळांना ती खरीच किंमत वाटते. मग नववीत पाय अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडता येत नाही, असं कळतं आणि गोंधळ उडतो, कारण २२/७ हा तर सरळसरळ अपूर्णांक.

भागाकार करून बघा. २२ ला ७ ने भागलं की ३.१४२८५७ येतं आणि पुढे १४२८५७ हेच अंक फिरत राहतात. पाय मात्र ३.१४१५९२६... असा, कधीच आवर्ती न होता चालतो. तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांची फारकत होते. म्हणूनच गणितात ‘पाय = २२/७ घ्या’ असं सांगतात. त्यातला ‘घ्या’ फार महत्त्वाचा!

त्रिज्या ७ सेमी असेल तर परीघ काढू. २ × २२/७ × ७, सात कटले, उत्तर ४४. पाय ३.१४ घेतला तर ४३.९६. खरा परीघ ४३.९८२... सेमी, म्हणजे दोन्हींच्या मधे. ७, १४, २१ अशी त्रिज्या दिली असेल तर २२/७ सोयीचं, एवढंच.

आपल्या आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्येच सांगितलं होतं: १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, ६२००० मिळवा, २०००० व्यासाच्या वर्तुळाचा हा परीघ. येतात ६२८३२, म्हणजे पाय ३.१४१६. आणि हेही आसन्न, म्हणजे जवळपासचं, असं त्यांनी त्याच श्लोकात नोंदवलं. पाय अपरिमेय असल्याची सिद्धता गणितज्ञ लॅम्बर्ट यांनी १७६१ मध्ये दिली.