न नोंदलेली बाळं मोजताना

"तुम्हाला एकूण किती मुलं झाली? त्यांतली आज किती आहेत?"

सर्बियातल्या रोमा (युरोपभर विखुरलेला, मूळचा भारतातला समाज) वस्त्यांत युनिसेफच्या मदतीने होणाऱ्या घरोघरच्या पाहणीत बायकांना हे विचारलं जातं. जन्मल्यावर रडलेलं, पण तास-दोन तासच जगलेलं बाळ असेल तर तेही सांगा, असं मुद्दाम बजावून. अशी बाळं मोजणीतून सगळ्यात आधी गळतात.

अर्भकमृत्युदर म्हणजे दर 1000 जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. भागाकार शाळेतला, पण रोमांच्या बाबतीत भाज्य आणि भाजक दोन्ही निसटतात. आईकडेच ओळखपत्र नसेल तर बाळाचा जन्मदाखला अडतो, आणि दाखल्याआधीच गेलेलं बाळ जन्माच्या वहीत नसतं, मृत्यूच्याही नसतं. शिवाय युरोपातल्या अनेक देशांत नोंदणीत वंश लिहीतच नाहीत. जिथे लिहितात, तिथेही जनगणनेत 'रोमा' सांगणारा माणूस दवाखान्यात तसं सांगेलच असं नाही.

नोंदीत 'रोमा' म्हणून येण्याची ही भीती उगाच नाही. म्युनिकच्या पोलिसांनी 1899 मध्येच रोमांच्या नोंदी ठेवणारी कचेरी उघडली होती. पुढे अशा नोंदी आणि वंशावळ्या नाझींच्या हाती पडल्या, आणि त्यातून माणसं छळछावण्यांत गेली. 2013 मध्ये स्वीडनच्या पोलिसांकडे 4000 हून अधिक रोमांची बेकायदा यादी सापडली. त्यात लहान मुलंही होती. ब्रिटिश काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ सोसलेल्या आपल्याकडच्या पारध्यांना यादीत नाव येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागणार नाही. (रोमांची भाषाही मूळची आपल्याकडचीच: पाण्याला ते 'पानी' म्हणतात, कानाला 'कान'.)

वही नाही, तर आईलाच विचारायचं. स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी 1960 च्या दशकात आफ्रिकेतल्या माहितीवर काम करताना ही पद्धत बसवली. तिच्यात तारखा लागत नाहीत, हे मला तिचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. 20 ते 24 वयाच्या बायकांची मुलं लहानच असणार. म्हणून त्यांतली किती दगावली, यावरून दुसऱ्या वाढदिवसाआधीच्या मृत्यूंचा अंदाज बांधता येतो. 30 ते 34 वयाच्या बायकांच्या उत्तरांवरून पाचव्या वाढदिवसापर्यंतचा. मात्र पहिलं बाळंतपण फार लवकर झालं असेल तर त्याच वयाच्या आईची मुलं मोठी असतात, धोक्याचे दिवस त्यांनी जास्त काढलेले असतात. लग्नं लवकर होणाऱ्या वस्त्यांत ही दुरुस्ती केली नाही तर उत्तर चुकतं.

2014 च्या पाहणीत सर्बियातल्या रोमा वस्त्यांतला अर्भकमृत्युदर 13 च्या आसपास निघाला, तर पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर 14 च्या आसपास. म्हणजे जवळपास सगळे मृत्यू पहिल्याच वर्षातले. संपूर्ण सर्बियाचा अर्भकमृत्युदर तेव्हा 6 च्या घरात होता.

अशा आकड्यांना घट्ट धरून मात्र चालत नाही. 1000 जन्मांत 13 मृत्यू दिसले, तर केवळ योगायोगाचा हिशेब धरूनही खरा दर 7 ते 22 मध्ये कुठेही असू शकतो. दुपटीची तफावत त्यातून दिसते, दोन पाहण्यांमधली एक-दोन अंकांची घट मात्र सिद्ध होत नाही. शहरात मिसळून राहणारी रोमा कुटुंबं वस्तीच्या पाहणीत येतच नाहीत. आणि ज्या बाळामागोमाग त्याची आईही गेली, त्याची मोजणी या पद्धतीत होत नाही, कारण प्रश्न फक्त हयात बायकांना विचारला जातो.