रँक पेचा वाद कुठून सुरू झाला?

लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचा विषय निघाला की निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडी १९८६ हे साल हमखास येतं. चौथ्या वेतन आयोगाच्या शिफारशी त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून लागू झाल्या. सेकंड लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत २,३०० ते ५,१०० रुपयांची एकच सलग वेतनश्रेणी आली. हुद्द्याचं वजन राहावं म्हणून त्यावर रँक पे, म्हणजे हुद्द्यानुसार दरमहा वेगळी रक्कम, ठरला: कॅप्टनला २००, मेजरला ६००, लेफ्टनंट कर्नलला ८००, कर्नलला १,००० आणि ब्रिगेडियरला १,२०० रुपये.

घोळ झाला तो वेतननिश्चितीत. जुन्या पगारावरून नव्या श्रेणीतली पायरी ठरवताना रँक पेएवढी रक्कम आधीच वजा केली गेली. म्हणजे मेजरच्या हिशेबातून ६०० रुपये काढायचे आणि तेच रँक पे म्हणून त्याच्या हातावर ठेवायचे. मूळ वेतन खालच्या पायरीवर बसलं. महागाई भत्ता, निवृत्तिवेतन, पुढच्या आयोगातली वेतननिश्चिती, सगळं त्याच आकड्यावरून निघतं, त्यामुळे ही तूट वर्षानुवर्षं मागे लागली.

तिसऱ्या वेतन आयोगापर्यंत सैन्यदलांच्या पगारासाठी स्वतंत्र समित्या असत. १९७३ मध्ये अहवाल देणाऱ्या त्या आयोगाने सैनिकांना पहिल्यांदाच मुलकी कर्मचाऱ्यांच्या सोबत तोललं. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मला तिथे दिसतं.

मेजर ए. के. धनपालन यांनी या कपातीला केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिलं. १९९८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण लाभ एकट्यालाच मिळाला. मग इतर अधिकारीही ठिकठिकाणी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सर्वांना न्याय दिला, सरकारने फेरविचार मागितला, आणि ४ सप्टेंबर २०१२ रोजी निकाल कायम झाला. व्याज मात्र १ जानेवारी २००६ पासूनच, ६ टक्के दराने. चूक सिद्ध झाल्यावर ती सगळ्यांसाठी दुरुस्त व्हायला १४ वर्षं लागावीत, हे मला अक्षम्य वाटतं. तोवर कित्येक अधिकारी हयातही नव्हते. थकबाकीचा हिशेब पुण्यात झाला, कारण भूदलाच्या अधिकाऱ्यांची वेतनखाती तिथल्या रक्षा लेखा कार्यालयात असतात.

दरम्यान सहाव्या आयोगाने रँक पे रद्द करून मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेबद्दलची वेगळी रक्कम) आणला, ब्रिगेडियरपर्यंत दरमहा ६,००० रुपये. लेफ्टनंट कर्नलला कोणत्या वेतनपट्ट्यात बसवायचं यावर तिन्ही दलांचे प्रमुख अडून बसले आणि त्याला वरचा पट्टा मिळवून दिला. सातव्या आयोगात सर्व्हिस पे १५,५०० झाला. मेजर जनरल आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना तो अजूनही मिळत नाही. वेतन आयोगावर सैन्यदलांचा स्वतःचा सदस्य असावा ही मागणीही जुनीच आहे, आणि ती रास्त आहे.