बर्नर ट्रिप का होतो, आणि रीसेट किती वेळा दाबायचा

मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात किंवा हॉटेलच्या मागच्या बाजूला एक खोली असते जिथे मेंटेनन्सवाल्यांशिवाय कोणी फिरकत नाही. तिथे बॉयलर असतो किंवा नुसतं पाणी तापवणारा हॉट वॉटर जनरेटर, आणि वरच्या मजल्यांवरचं गरम पाणी, लॉन्ड्री, किचनची स्टीम, ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. बॉयलर म्हटलं की लोक घाबरतात ते प्रेशरला, आणि ती भीती खरीच आहे, १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला, नंतर १९२३ चा देशभराचा कायदा, आणि आता त्याच्या जागी २०२५ चा नवा. पण या कायद्यांची नजर मुख्यतः पाण्याच्या आणि वाफेच्या बाजूवर असते. बॉयलरला आगीची पण एक बाजू असते, म्हणजे इंधन जाळणारा बर्नर, आणि तिथे स्फोट व्हायला वाफेचा दाब लागतच नाही.

कसा होतो ते बघा. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस म्हणजे बहुतेक मिथेन, हवेत तो ५ ते १५ टक्के असला की मिश्रण पेट घेतं, एलपीजीला तर साधारण २ टक्केच पुरतात. आता १ मेगावॅटचा बर्नर घ्या, तो सेकंदाला साधारण २८ लिटर गॅस जाळतो. समजा ज्योत विझली आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर दहा सेकंदांत २८० लिटर गॅस न जळता आत जातो, आणि हवेत नीट मिसळला तर जवळपास ३ घनमीटर स्फोटक मिश्रण तयार होतं. या साइजच्या बॉयलरची भट्टी तेवढी मोठी नसते सुद्धा, म्हणजे भट्टी भरून मिश्रण चिमणीच्या डक्टपर्यंत पोचलेलं असतं, आणि त्यात ठिणगी पडली की बंद जागेत दाब सात-आठ पट होऊ शकतो. बॉयलरचं मागचं दार, डक्टचा पत्रा, हे त्यातला थोडासा दाब पण सोसू शकत नाहीत.

अमेरिकेत मिशिगनमध्ये फोर्डच्या रूज कारखान्याच्या पॉवरहाउसमध्ये १ फेब्रुवारी १९९९ ला हेच झालं. बॉयलर तपासणीसाठी बंद करत होते, विझलेल्या भट्टीत गॅस शिरत राहिला आणि पेटला, सहा कामगार गेले. तो बॉयलर हॉटेलच्या बॉयलरपेक्षा कितीतरी मोठा होता, पण कारण तेच, न जळलेला गॅस.

म्हणून बर्नरला सिक्वेन्स कंट्रोलर असतो, तो बर्नर पेटवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या क्रमाने चालवतो. बाहेरून बघितलं तर साधा डबा, पण त्याचं काम नीट समजून घेतलं की मला तरी त्याच्याबद्दल आदर वाटतो, कारण तो आधी स्वतःच्या सेन्सरवरच संशय घेतो. स्टार्ट मिळाला की लगेच ठिणगी देत नाही. फॅन बंद असताना हवेचा प्रेशर स्विच ‘हवा नाही’ असंच सांगतोय ना ते बघतो, म्हणजे स्विच चिकटलेला असेल किंवा कोणी वायर शॉर्ट करून ठेवली असेल तर तो चालूच होत नाही. ज्योत बघणारा फोटोसेल आत्ताच ज्योत दाखवतोय का तेही बघतो, कारण अजून काही पेटवलेलंच नाही, मग ज्योत दिसली तर एकतर सेन्सर बिघडलाय किंवा व्हॉल्व्ह गळून आत खरंच काहीतरी जळतंय. मग फॅन सुरू, डँपर (हवेची झडप) पूर्ण उघडा, आणि पर्ज, म्हणजे भट्टी आणि धुराच्या मार्गातली हवा निदान चार वेळा बदलेल इतकी हवा ढकलायची. ऑपरेटरला कंटाळा येतो तो याच वेळेचा, तिकडे लॉन्ड्रीवाला वाट बघत असतो आणि फॅन नुसता घोंगावतोय, पण ठिणगी पडण्याआधी आतला गॅस बाहेर काढणारी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

त्यानंतर डँपर खाली येतो, इग्निशन ट्रान्सफॉर्मर ठिणगी देतो, पायलटचा (मेन गॅस पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीचा) व्हॉल्व्ह उघडतो, आणि ज्योत दिसायला मोजके सेकंद मिळतात, मोठ्या गॅस बर्नरला दोन-तीनच. दिसली तर मेन गॅस. नाही दिसली तर व्हॉल्व्ह बंद आणि लॉकआउट, म्हणजेच बर्नर ट्रिप झाला, आता माणसाने येऊन रीसेट केल्याशिवाय परत चालू नाही. चालू असताना ज्योत गेली तर युरोपियन पद्धतीच्या गॅस बर्नरला १ सेकंदात व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, अमेरिकन पद्धतीत ४ सेकंदांपर्यंत चालतं. व्हॉल्व्ह एकामागे एक दोन असतात आणि दोन्ही स्प्रिंगने बंद होणारे, करंट असेल तरच उघडे, लाइट गेली की आपोआप बंद.

आता ज्योत आहे हे कळतं कसं? नुसत्या उष्णतेवरून ठरवता येत नाही, ज्योत गेल्यावर पण भट्टीच्या विटा लालभडक असतात. गॅस बर्नरमध्ये बऱ्याचदा एक धातूची काडी ज्योतीत ठेवलेली असते, फ्लेम रॉड. हायड्रोकार्बन जळताना ज्योतीत आयन तयार होतात त्यामुळे ज्योतीतून थोडासा करंट वाहू शकतो. रॉडला एसी व्होल्टेज देतात. रॉड बारीक आणि समोर अर्थिंग केलेलं बर्नरचं तोंड मोठं, त्यामुळे करंट एका दिशेने जास्त वाहतो, उलट्या दिशेने फार कमी, म्हणजे एसीतून थोडा डीसी निघतो, अगदी काही मायक्रोअँपिअर. कंट्रोलर फक्त हा डीसी ओळखतो. पावसाळ्यात रॉडच्या पोर्सेलीनवर ओल धरली किंवा काजळीतून करंट गळायला लागला तर तो गळणारा करंट एसीच असतो, त्याला कंट्रोलर ज्योत समजत नाही, सिग्नल पडतो आणि बर्नर ट्रिप होतो. खराबी झाली तरी चूक सुरक्षित बाजूलाच पडावी असा विचार यामागे आहे. शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत कार्बनच नसतो त्यामुळे हे आयन जवळपास तयारच होत नाहीत, तिथे ही युक्ती चालत नाही, अतिनील किरण बघणारी यूव्ही ट्यूब लागते.

यूव्ही ट्यूबचा एक धोका मात्र आहे, जुनी झाली की ती ज्योत नसताना पण ‘आहे’ म्हणू शकते. बर्नर दिवसातून एकदा तरी बंद होऊन चालू होत असेल तर वर सांगितलेल्या तपासणीत हे पकडलं जातं. पण हॉस्पिटलमध्ये, मोठ्या लॉन्ड्रीत बर्नर दिवसेंदिवस बंदच होत नाही, म्हणून चोवीस तासांपेक्षा जास्त सलग चालणाऱ्या बर्नरला स्वतःची परीक्षा घेणारा सेन्सर लागतो, ज्यात एक झडप मधे मधे ट्यूबचं तोंड झाकते आणि झाकल्यावर पण ज्योत दिसली तर बर्नर बंद. बदलताना स्वस्तातली साधी ट्यूब लावली तर बर्नर छान चालतो आणि कोणाला काही कळत नाही, म्हणून ऑर्डर देताना हे विचाराच.

रीसेटबद्दल माझं मत पक्कं आहे, एकदा. दुसऱ्यांदा ट्रिप झाला तर हात मागे घ्यायचा आणि कारण शोधायचं. डिझेल बर्नरमध्ये तर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडं डिझेल आत फवारलं जातं, गरम विटांवर त्याची वाफ होते, पर्जने ती सगळी जाईलच असं नाही, आणि पाचव्या-सहाव्या रीसेटला जेव्हा पेटतं तेव्हा साठलेलं सगळं एकदम पेटतं. कारण शोधायला कंट्रोलर मदत पण करतो. सीमेन्सचा जुना एलएफएल आपल्याकडे अजून खूप ठिकाणी आहे, त्याच्या छोट्या काचेतून एक फिरती चकती दिसते, लॉकआउटला ती थांबते. ‘पी’ अक्षरावर थांबली तर हवेचा दाब मिळाला नाही, लॉन्ड्रीशेजारचा बॉयलर असेल तर आधी फॅनच्या जाळीवर कापसाचा लेप बसलाय का बघा. ‘१’ वर थांबली तर ठरलेल्या वेळेत ज्योत दिसली नाही, मग इलेक्ट्रोड, पायलट, गॅसचा दाब. रीसेट दाबलं की ही खूण जाते, त्यामुळे दाबायच्या आधी मोबाइलने फोटो काढून ठेवा.

पाण्याच्या बाजूचा मोब्रे (पाणी कमी झालं की बर्नर बंद करतो तो) बऱ्याच ठिकाणी रोज ब्लोडाउन करून, म्हणजे त्यातलं पाणी सोडून, तपासतात, ज्योतीचा सेन्सर मात्र कोणी तपासत नाही. त्यात पाणी १०० डिग्रीच्या आतच तापवणारा हॉट वॉटर जनरेटर बॉयलर कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतो, म्हणजे बाष्पके खात्याचा इन्स्पेक्टर तिथे येणारच नाही, आणि बर्नर तर तोच, गॅस तोच. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, जिममध्ये, छोट्या हॉटेलात असे कितीतरी आहेत, तिथे तपासणी मालकानेच लावून घ्यायची.

टेस्ट अवघड नाही, पण सर्व्हिस इंजिनीअर समोर असतानाच करायची. बर्नर चालू असताना पायलट आणि मेनचा हाताचा कॉक बंद करायचा आणि ज्योत गेल्यापासून सेफ्टी व्हॉल्व्ह पडल्याचा टक आवाज येईपर्यंत घड्याळ लावायचं. किती सेकंद लागले आणि त्या दिवशी फ्लेम सिग्नल किती मायक्रोअँपिअर होता, दोन्ही आकडे लॉगबुकात लिहायचे. सिग्नल महिन्यामहिन्याला उतरताना दिसला की रॉड काढून साफ करायचा, पोर्सेलीनला तडा असेल तर बदलायचा.