दारापासून गाडीपर्यंतची पंचवीस पावले

मुंबईत अंधेरी पश्चिमेला जीतेश्वर महादेवाचे देऊळ आहे. टी-सीरिजचे मालक गुलशन कुमार तिथे रोज पूजेला जात. 12 ऑगस्ट 1997 रोजी पूजा आटोपून ते बाहेर आले आणि देवळासमोरच गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. न्यू जर्सीत 29 एप्रिल 1992 च्या सकाळी एक्सॉन या तेल कंपनीचे वरिष्ठ अधिकारी सिडनी रेसो कामाला निघाले. त्यांची गाडी घरापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेच्या टोकाला सापडली, इंजिन चालूच होते. तिथूनच त्यांना पळवले होते आणि चार दिवसांनी कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. 4 डिसेंबर 2024 रोजी युनायटेडहेल्थकेअर या अमेरिकन आरोग्य विमा कंपनीचे मुख्याधिकारी ब्रायन थॉम्पसन न्यूयॉर्कमधल्या हिल्टन हॉटेलच्या दाराकडे पायी निघाले होते. वेळ सकाळी पावणेसातची. गुंतवणूकदारांची परिषद कुठे आणि कधी आहे हे आधीच जाहीर झालेले होते. सोबत सुरक्षारक्षक नव्हता. हॉटेलबाहेरच गोळ्या झाडून त्यांचा खून झाला.

तिघांचे धंदे वेगळे, गावे वेगळी, मारणाऱ्यांची कारणेही वेगळी. जागा मात्र एकाच जातीची: दार आणि गाडी यांच्यामधली थोडीशी उघडी पावले. मोठ्या उद्योजकाच्या सुरक्षेचा विचार निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर बुलेटप्रूफ गाडी आणि धिप्पाड बाउन्सर येतात. पण या क्षेत्रातले जाणकार आधी विचारतात ते वेगळेच: हा माणूस उद्या सकाळी साडेआठला कुठे असेल, हे त्याच्या घराबाहेरच्या किती जणांना सांगता येईल?

कारण हल्लेखोराला दोनच गोष्टी लागतात, कुठे आणि केव्हा. त्या मिळवण्याच्या कामाला आपल्याकडे पोलिसांपासून पत्रकारांपर्यंत सगळे ‘रेकी’ म्हणतात. रेसो यांचा अपहरणकर्ता एक्सॉनच्याच सुरक्षा विभागातला माजी कर्मचारी होता. त्याने आणि त्याच्या पत्नीने घरावर बरेच दिवस पाळत ठेवली होती. थॉम्पसन प्रकरणातला संशयितही घटनेच्या सुमारे दहा दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये आला होता, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. रेकीचा हा काळ सुरक्षा पथकासाठी मोलाचा असतो, कारण हल्ला काही सेकंदांत उरकतो, पण रेकी करणारा पुन्हा पुन्हा दिसतो.

नुसते चिलखत पुरत नाही, याचा सर्वांत कठोर दाखला जर्मनीतला आहे. डॉयचे बँकेचे प्रमुख आल्फ्रेड हेरहाउझेन चिलखती मर्सिडीजमधून, पुढे-मागे रक्षकांच्या गाड्या घेऊन जात. 30 नोव्हेंबर 1989 रोजी बाड होम्बुर्ग येथे घरापासून काहीशे मीटरवर रस्त्याकडेच्या एका सायकलवर ठेवलेल्या बॉम्बने ती गाडी फोडली. गाडी भक्कम होती, पण तिची वाट आणि वेळ मारेकऱ्यांना ठाऊक होती.

त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘रोज रस्ता बदला’. तो अर्धाच खरा आहे. वरळीहून वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) जायचे तर मधले मार्ग तीन-चार मिळतील, पण घराच्या फाटकाबाहेरचे दोन-तीनशे मीटर आणि कार्यालयाच्या दारापुढचे तेवढेच अंतर बदलता येत नाही. म्हणून टोकांवर वेळ बदलायची. निघण्याची वेळ रोज पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे केली तर फारसा उपयोग नाही, कारण पाळतीवरचा माणूस पंधरा मिनिटे आरामात थांबू शकतो. फरक तासाभराचा हवा, आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तो चांगला दोन तासांचा हवा. निघण्याआधी दहा मिनिटे घरातल्या कुणीतरी फाटकाबाहेरचा रस्ता पाहून घ्यायचा: कोणती गाडी थांबलीय, आत माणूस बसलाय का, काल होती का. वॉचमनच्या वहीत येणाऱ्यांची नावे असतात. बाहेर नुसत्या थांबलेल्या गाड्यांचे क्रमांक क्वचितच असतात, आणि खरे तर तेच हवे असतात. एकच मोटरसायकल सोमवारी घरापाशी आणि गुरुवारी कार्यालयापाशी दिसली, तर पहिला अर्थ योगायोग नाही असाच घ्यायचा.

गाडीत चढण्या-उतरण्याचाही शिस्तशीर क्रम असतो. गाडी दाराला जितकी खेटून लावता येईल तितकी लावायची, मागचे दार इमारतीच्या बाजूला ठेवायचे. आधी रक्षक उतरून पाहतो, तोवर साहेब किंवा मॅडम आतच बसतात आणि इंजिन चालू राहते. त्या पावलांत फोन कानाला नसावा. फोनवर बोलणारा माणूस चालताना आजूबाजूला पाहतच नाही. आणखी एक बारीक गोष्ट: अनेक गाड्यांत गिअर ‘पार्क’वर टाकला की चारही दारांची कुलपे आपोआप उघडतात. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, ती करून टाकावी. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढे अंतर सोडावे, म्हणजे मागे न घेता बाजूने निघता येते. चालकाला हे एकदा सांगून भागत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी सराव घ्यावा लागतो.

‘कुठे आणि केव्हा’ ही माहिती आता रस्त्यावर उभे न राहताही मिळते. 1989 साली कॅलिफोर्नियात रेबेका शेफर या अभिनेत्रीचा तिच्या दारातच खून झाला. मारेकऱ्याने तिचा पत्ता एका खासगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणी खात्याकडून मिळवला होता. पुढच्याच वर्षी त्या राज्यात अमेरिकेतला पहिला पाठलागविरोधी कायदा आला, आणि 1994 मध्ये वाहनचालकांची माहिती गुप्त ठेवणारा केंद्रीय कायदाही झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात मालमत्तेच्या दस्तांची ‘इंडेक्स टू’ सूची नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. कोणी वरळीला किती कोटींचा फ्लॅट घेतला, कोणत्या टॉवरमध्ये, कितव्या मजल्यावर, या बातम्या येतात त्या अशाच नोंदींतून. पारदर्शकतेसाठी ही व्यवस्था हवीच, पण ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याने तिचा अंदाज आधीच घ्यावा. वर्षातून दोनदा कुणा त्रयस्थाला दोन दिवस द्यावेत आणि आपल्याबद्दल इंटरनेटवर काय काय सापडते ते काढून आणायला सांगावे. सर्वाधिक गळती स्वतःकडून होत नाही, मुलांच्या इन्स्टाग्रामवरून, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंतून आणि रक्षकांच्या मोबाइलमधून होते. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक धावण्याच्या नोंदी स्ट्रावा अ‍ॅपवर टाकत आणि त्यावरून राष्ट्राध्यक्ष कुठे उतरणार याचा माग लागत होता, हे 2024 मध्ये फ्रेंच पत्रकारांनी दाखवून दिले. फोटो टाकायचाच असेल तर ती जागा सोडल्यावर टाकावा, हा साधा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी गळती बरीच थांबते.

गाडीत किंवा बॅगेत लपवलेली माग काढणारी चकती हा नवा प्रकार. अ‍ॅपलच्या एअरटॅगसारखी चकती आजूबाजूच्या अनोळखी फोनना ब्लूटूथवरून इशारा देते आणि ते फोन नकळत तिचा ठावठिकाणा मालकाला कळवतात. मालकापासून दूर गेली की 8 ते 24 तासांत ती आवाज करते, पण आतला स्पीकर काढून टाकलेला असू शकतो. मे 2024 पासून आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींत परक्या चकतीचा इशारा मिळण्याची सोय आहे, ती चालू आहे ना हे सेटिंगमध्ये पाहावे. सिमकार्डवर चालणारे जीपीएस यंत्र मात्र फोनला कळत नाही, ते हातानेच शोधावे लागते. चाकांवरच्या पोकळ्या, बंपरची आतली बाजू, सीटखाली, डिकीतले जादा चाक, आणि स्टिअरिंगखालचा तपासणीचा सॉकेट इथे टॉर्च घेऊन नीट पाहावे. सापडले तर फेकू नये. हातमोजे घालून फोटो काढावा, अनुक्रमांक टिपावा आणि गाडी घराकडे न नेता सरळ पोलीस ठाण्यात न्यावी. अनुक्रमांकावरून ते कोणाच्या खात्याला जोडले होते हे पोलीस कंपनीकडून मागवू शकतात.

आता सर्वांत गैरसमजाची बाजू. धमकीचे पत्र आले की घर हादरते, आणि धमकी नसली की सगळे निर्धास्त होतात. संशोधन नेमके उलटे सांगते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने 1949 ते 1996 या काळात प्रसिद्ध व्यक्तींवर हल्ला केलेल्या किंवा हल्ल्याच्या अगदी जवळ पोचलेल्या 83 जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या दहा टक्क्यांहूनही कमी जणांनी आपल्या लक्ष्याला किंवा पोलिसांना थेट धमकी दिलेली होती. सगळ्यांना बसेल असा एकच साचाही सापडला नाही. जुळत होते ते वागणे: मनात सल धरणे, माहिती जमवणे, जागा पाहून येणे, साधन मिळवणे. जवळच्या कुणापाशी त्याबद्दल बोलून जाणेही अनेकांत दिसले. 2023 मध्ये मुकेश अंबानींना ईमेलवरून आधी 20 कोटी, मग 200, मग 400 कोटींची मागणी करणाऱ्या धमक्या आल्या. पोलिसांनी माग काढून या प्रकरणात अटकही केली. अशी धमकी गुन्हाच आहे आणि तिची तक्रार व्हायलाच हवी. पण जिवाच्या दृष्टीने जास्त काळजी करावी ती ज्याची पत्रे वर्षभर येत आहेत, वेगवेगळ्या गावांहून येऊ लागली आहेत आणि ज्यात भेटीची ठरावीक तारीख लिहिलेली आहे अशा माणसाची, मग त्या पत्रांत कितीही गोडवा असो.

ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ पॉल मलेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये पाठलाग करणाऱ्या 145 जणांचा अभ्यास मांडला आणि त्यांचे पाच प्रकार केले. उद्योगपतींच्या वाट्याला त्यांतले दोन अधिक येतात. एक सूड धरलेला: नोकरी गेलेला, ठेव बुडालेला, विम्याचा दावा नाकारलेला. आपणच पीडित आहोत याची त्याला खात्री असते. हा माणूस धमक्या भरपूर देतो, प्रत्यक्ष हल्ला त्यामानाने कमी करतो. पण ‘आता गमवायला काहीच उरले नाही’ असे बोलू लागला तर हिशेब बदलतो. दुसरा, आपले त्या व्यक्तीशी प्रेमाचे नाते आहे असे मानणारा. अनेकदा तो आजारी असतो, भ्रमात असतो. त्याला कोर्टाच्या नोटिशीतही प्रेमाचा संदेश दिसतो, म्हणून त्याच्या बाबतीत कायद्याच्या धाकापेक्षा उपचार अधिक उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये 2006 पासून पोलीस आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच कार्यालयात बसून अशी प्रकरणे पाहतात. तशी रचना इथे नाही, आणि ती फार निकडीने हवी आहे.

उत्तर देऊ नये, हे मात्र दोन्ही प्रकारांना लागू. चाळीस फोन न घेता एक्केचाळिसावा वैतागून घेतला, तर समोरच्याला एवढेच कळते की एक्केचाळीस फोन केले की आवाज ऐकू येतो. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे वर्तनशास्त्रात प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. ‘पुन्हा संपर्क करू नका’ असे एकदाच, स्पष्ट, लेखी कळवावे आणि नंतर पूर्ण गप्प राहावे. नंबर ब्लॉक करण्याऐवजी तो दुसऱ्या कुणी पाहील अशी सोय करावी, कारण ब्लॉक केल्यावर सूर कधी बदलला हे कळतच नाही. पत्राला कमीत कमी हात लावावा, पाकिटासह कागदी लिफाफ्यात ठेवावे. ईमेल मूळ स्वरूपात जपावा, नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये तो कुठून आला याच्या नोंदी येत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, तेव्हा ज्या फोनवर किंवा संगणकावर तो आला ते यंत्र विकू किंवा फॉरमॅट करू नये.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मधला पाठलागाचा गुन्हा पुरुषाने स्त्रीचा केलेल्या पाठलागापुरताच आहे: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि जामीनपात्र, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. स्त्री उद्योजकांनी तो वापरावा. पुरुषाच्या मागे कोणी लागले तर धमकी, खंडणी, गृहअतिक्रमण अशा कलमांखाली तक्रार लिहावी लागते, आणि त्यासाठी तारीखवार नोंदी नसतील तर ठाणे अंमलदाराच्या हाती काहीच लागत नाही.

इथेच बहुतेक कंपन्या चुकतात. पत्र पीएच्या खणात असते, मोटरसायकल वॉचमनने पाहिलेली असते, ‘साहेब किती वाजता निघतात?’ असा फोन रिसेप्शनला आलेला असतो, आणि कुणाला कसे अपमान करून काढले हे एचआरला ठाऊक असते. चार तुकडे चार टेबलांवर पडून राहतात. एकच माणूस नेमावा, त्याच्याकडे एकच वही असावी, आणि प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि पाहणाऱ्याचे नाव असावे. दर सोमवारी ती वही वाचावी. पत्र लिहिणारा प्रत्यक्ष दारात आला, त्याने घरच्यांची नावे घेतली, निरवानिरवीची भाषा सुरू केली किंवा वर्षभर लिहून एकाएकी गप्प झाला, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी पोलिसांकडे जावे आणि पुढचा आठवडाभर निघण्याची वेळ फक्त चालकाला, तीही निघण्याआधी दहा मिनिटे सांगावी.